सावलीत वाळवा

आमच्या परभणीत एप्रिल-मे महिन्यात उन्हात टाकून वाळत नाही अशी वस्तू मला अजून भेटायची आहे. सकाळी नऊला गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारच्या चहाआधी खडखडीत होतात. धुणं तर शेवटचं कापड दोरीवर पडेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. ‘सावलीत वाळवा’ हे शब्द मी आजवर फक्त स्वेटरच्या आतल्या पट्टीवर वाचले होते, आणि स्वेटर आमच्याकडं वर्षातून पंधरा दिवस. त्यामुळं बसस्टँडजवळच्या कडुलिंबाखाली बसणाऱ्या मामांनी कातड्याचा तुकडा गुंडाळून हातात देताना “ताई, ह्याला ऊन दाखवू नका बरं” असं बजावलं, तेव्हा मी मान हलवली आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेले.

कातडं घेतलं होतं सायकलच्या सीटसाठी. सायकल लेडीज, लग्नाच्या आधीची. शाळा वसमत रस्त्यावर, घरापासून चार किलोमीटर. पोरगा म्हणतो स्कूटी घे, नवरा म्हणतो रिक्षा लाव, मी मात्र सायकल सोडत नाही. सीट तेवढी म्हातारी झालेली. वरचं रेक्झिन आधी तडकलं, मग सोललं, मग आतला पिवळा स्पंज कडेनं डोकावायला लागला. पावसाळ्यात त्या स्पंजाचा स्वभाव असा, की पाऊस सोमवारी पडला तरी तो बुधवारपर्यंत भिजवायचा. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला टेकला की उलटं. शाळा सुटताना काळं रेक्झिन तव्यासारखं तापलेलं. आधी तळहात लावून बघायचा, मग बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायचं, मग रुमाल टाकायचा, आणि तरीही पहिलं वळण येईपर्यंत उभ्यानंच पायडल मारायचं.

शाळेतल्या पोरींनी ह्यावर केव्हाच उपाय काढलाय. प्रत्येकीच्या सीटला कॅरीबॅग बांधलेली. साडीच्या दुकानाची, मिठाईच्या दुकानाची, एकीची तर चक्क युरियाच्या पोत्याची. स्टँडवर ओळीनं लावलेल्या त्या सायकली बघून मी स्टाफरूममध्ये हसले होते. “सीट शिवून घ्यावी की नाही? पिशव्या काय बांधतात!” हे वाक्य माझ्याच तोंडचं, आणि ते पुढं मला महागात पडणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवते.

साडेतीनशे रुपयांत नवी सीट येते, हे नवऱ्यानं मला तीन वेळा सांगितलं. येते. पण माझी आई आयुष्यभर पायमशीनवर ब्लाउज शिवायची, आणि तिच्या पोटी जन्मलेल्या माणसाला जगातली कुठलीही गुबगुबीत वस्तू दिसली की तिची बेतणी कशी करावी एवढंच सुचतं. लोक आभाळाला गवसणी घालायला निघतात, मला सायकलच्या सीटला घालायची होती.

एका रविवारी शिवणयंत्राचं तेल सोडून सीटचे गंजलेले नट सैल केले आणि ती अंगणात उलटी टाकली. रेक्झिनच्या कडा खालून पत्र्याच्या पाकळ्यांखाली दाबलेल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हरनं एकेक उचलत गेले आणि शेवटी आतला स्पंज हातात आला, म्हणजे पिठासारखा भुरभुर सांडला. आपण एखाद्या कार्यक्रमाला किंवा पुस्तकाला खोगीरभरती म्हणून नावं ठेवतो. पण खरी खोगीरभरती मी त्या दिवशी पहिल्यांदा सुपलीत भरली.

जुन्या काळच्या चामडी सीटमध्ये ही भरती नसायचीच. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तसली सायकल होती. पुढं एक लोखंडी टोक, मागं एक आडवी पट्टी, आणि दोन्हींच्या मध्ये रिव्हेट मारून ताणलेलं जाड कातडं. खाली पत्रा नाही, स्पंज नाही, नुसती पोकळी. बाजेवर झोपतो तसं त्या कातड्यावर माणूस तोललेला. बाज सैल पडली की दावण ओढतात, तसा ह्या सीटला नाकाखाली एक नट असायचा, तो थोडा फिरवला की कातडं पुन्हा ताठ. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाच्या माणसानं १८६६ साली घोड्यांच्या साजाचा कारखाना काढला होता. त्याचा घोडा मेला, म्हणून तो सायकलवर बसला, आणि ती बैठक इतकी टोचली की त्यानं स्वतःच कातड्याची सीट करायला घेतली, असं सांगतात. १८८२ साली त्याचं पेटंट झालं. घोडा गेला आणि खोगीर तेवढं मागं राहिलं, असंच म्हणायचं. माझी सीट त्या घराण्यातली नव्हे. तिला पत्रा होता, त्यावर मऊ काहीतरी हवं होतं. कपाटावर धूळ खात पडलेल्या योगा मॅटला अखेर सद्गती मिळाली.

मी वर्तमानपत्राचा कागद सीटवर दाबून बेतणी काढली. नाकाकडं दोन टक्स, मागं दोन टक्स, जवळजवळ ब्लाउजच. तो कागद घेऊन मामांकडं गेले, तर ते बघून हसले. “ताई, हे कापड नाही. कापून नका बसवू. ओलं करा आन् ओढा. कुठं जायचं ते त्याचं त्यालाच कळतंय.”

कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, तिरकं कापलं तर ताणतं. कातड्याला धागाच नाही. त्याचे तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले. पाण्यानं ते ढिले पडतात, एकमेकांवरून सरकतात, आणि वाळताना जिथं असतील तिथं घट्ट बसतात. पण हे सगळं झाडाच्या सालीवर कमावलेल्या कातड्याला लागू. पर्स-बुटांचं बरंचसं कातडं क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं, ते ओलं करून ओढा, सोडलं की परत जागेवर. मामांनी दोन तुकड्यांच्या कापलेल्या कडा माझ्यासमोर धरल्या. एक आतून निळसर करडी, दुसरी आरपार तपकिरी. “ही बाभळीची,” ते म्हणाले. बाभळीची साल, हिरडा आणि तरवड. माळरानावर पिवळ्या फुलांनी लगडलेला तरवड मी जन्मभर बघत आले, पण त्याची साल कातडं कमवायला लागते हे मला माझ्या पन्नाशीत, बसस्टँडवर, एका पायावर उभं राहून कळलं. दुसऱ्या पायातली चप्पल मामांच्या ऐरणीवर होती.

घरी आल्यावर कोमट पाणी काढलं आणि कातडं भिजत घातलं. ते पितळी घंगाळात घातलं, एवढंच चुकलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बघितलं आणि घरात शांतता पसरली.

“घंगाळात कातडं?”

मी काही बोलायच्या आत ओसरीवरून अण्णांचा आवाज आला. “आन् लहानपणी मोटंचं पाणी पीत व्हतीस, ते कशातून येत व्हतं? चांदीच्या तांब्यातून?”

आत्याबाई गप्प झाल्या, पण घंगाळ नंतर तीन वेळा चिंचेनं घासलं गेलं, हेही खरं. अण्णांना मात्र विषय मिळाला. विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोट, तिची सोंड, वर ओढायचा नाडा, सोंडेचा सोंदूर, धावेवरून मागं मागं येणारे बैल, थारोळ्यात धबाधब पडणारं पाणी. उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचं म्हणून ज्याला हात लावायचा नाही, त्याच्याच पोटातून सगळ्या गावाची हळद, मिरची, ऊस प्यायचे. आणि ते कातडं कमावणाऱ्याला मात्र त्याच विहिरीची पायरी चढू देत नव्हते. हे शेवटचं अण्णा नाही बोलले, मी मनात बोलले.

घंगाळातले बुडबुडे थांबले तेव्हा कातडं पुरतं पाणी प्यायलं होतं. हाताला अगदी भिजवलेल्या पापडाच्या लाटीसारखं लागत होतं. सीटवर टाकलं, नाकाकडं ओढलं, मागं ओढलं, कडेनं धुण्याचे चिमटे लावले, वरून सुतळी गुंडाळली. इतकं सुरेख बसलं की सुरकुती नाही. आणि मग, सवयीनं, खरंच नुसत्या सवयीनं, मी ती सीट उचलून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवून आले.

दुपारी आणायला गेले तर कुरडया झाल्या होत्या आणि सीटही झाली होती. कातडं आक्रसून चिमट्यांतून निसटलेलं, कडा वर वळलेल्या, रंग काळपट, वाकवून बघितलं तर वरच्या थराला बारीक चिरा. सुतळीचे वळ जिथल्या तिथं, कायमचे. आणि आतून, जिथं जिथं ओलं कातडं गंजक्या पत्र्याला टेकलं होतं तिथं शाईसारखे डाग. शाईसारखे म्हणजे शाईच होती ती. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करायचे. हिराकसात लोखंड, हिरड्यात तुरटपणा. माझ्या सीटखाली बाभळीचा तुरटपणा आणि पत्र्याचा गंज मिळून नेमकं तेच शिजलं होतं. सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईच्या बुडाखाली शाईची दौत!

तो तुकडा वाया गेला म्हणून त्याच्यावर शिवणीचा सराव केला. आईच्या मशीनला अठरा नंबरची सुई लावली. चार टाके बरे पडले, पाचव्याला सुई टचकन मोडली. टाके उसवले तर मागं भोकांची रांग तशीच. इथं मला कातड्याचा खरा स्वभाव कळला. कापडावर चुकलं की उसवायचं, पाण्याचा हात फिरवायचा, इस्त्री मारायची, कापड विसरून जातं. आईनं एकच ब्लाउज चार वेळा उसवून माझ्या, मग धाकटीच्या मापाचा केलेला मी बघितलाय. कातडं काही विसरत नाही. शिवाय जवळजवळ पाडलेली भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, जरा ओढलं की फाटलंच.

पुन्हा मामांकडं गेले. त्यांनी न विचारताच ओळखलं. “दाखवलं ना ऊन?” दुसरा तुकडा दिला, एक जुनी आरी उसनी दिली, आणि एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया कशा लावायच्या ते दाखवलं. आधी आरीनं भोक, मग त्याच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा धागा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक तुटला की शिवण पळत सुटते. ह्या शिवणीत एक टाका झिजला तरी दुसरा धागा त्या भोकातून गेलेलाच असतो. घोड्याचं खोगीर शिवायची हीच रीत, इंग्रजीत ह्या टाक्याचं नावही त्यावरूनच पडलंय.

ह्या खेपेला पत्र्यावर दुधाच्या पिशव्या कापून गुंडाळल्या. सुतळीऐवजी जुन्या सुती साडीच्या रुंद पट्ट्या. आणि सावली. आमच्या घरात एप्रिलमध्ये खरी सावली शोधायची म्हणजे अवघड काम. पुढच्या खोलीत सकाळचं ऊन, मागच्या खोलीत संध्याकाळचं, मधल्या खोलीत कूलरचा ओला वारा. शेवटी देवघराशेजारच्या माठाच्या तिवईखाली जागा मिळाली. आत्याबाई रोज पाणी घ्यायला वाकायच्या, तिच्याकडं बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, “वाळली असंल का?” तर त्यांनी उलट्या बोटांनी चाचपून बघितलं, कुरडईला बघतात तसं, आणि म्हणाल्या, “आतून गार लागतंय अजून. राहू दे.”

तिसऱ्या दिवशी निघाली. पट्ट्या सोडल्या तरी कातडं सीटच्याच आकारात उभं राहिलं, एखाद्या टोपीसारखं. त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितका पोराच्या बारावीच्या निकालाला झाला नव्हता. हे त्याला सांगू नका. पुढचं काम म्हणजे निव्वळ हमाली. रापी नव्हती म्हणून भाजी चिरायच्या सुरीला धार लावून कडा आतून तासल्या, नाहीतर दुमडल्यावर जाड गाठ येते. नाकाखाली कापे देऊन दोन सुयांनी जोड शिवला. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावलं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग दाबलं. उरलेल्या कडांना आरीनं लांब लांब भोकं पाडली आणि खालून दोरी ओढली, ढोलकीची पुडी आवळतात तशी. बोटांना तीन पट्ट्या लागल्या. दोन तुकडे, सोल्युशन, दोरा, सुई मिळून खर्च नव्या सीटच्या वर गेला. नवऱ्यानं हिशेब विचारला नाही. शहाणा माणूस.

तेलावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. अण्णांच्या मते मोटेला करडईचं तेल चोळायचे, तेव्हा सीटलाही करडईच. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण काढलेलं आहे, तेव्हा हा प्रश्न अभिमानाचाही होता. मी मामांचं ऐकून एरंडेलाची दोन बोटं फिरवली आणि तेवढ्यावर थांबले. करडईचं तेल हवेवर हळूहळू चिकट होतं आणि धूळ धरतं. ते मोटेला चालत असेल, मोटेवर साडी नेसून कोणी बसत नव्हतं. तरी पहाटे अण्णांनी गुपचूप हात मारलाच असावा. पहिल्याच दिवशी शाळेत उतरले तेव्हा माझ्या आबोली साडीवर मागं पानाच्या आकाराचा तपकिरी शिक्का उमटला होता, हे मला मधल्या सुट्टीत एका सातवीतल्या पोरीनं फार अदबीनं, कानाशी येऊन सांगितलं.

पण सीट चांगली झाली. उन्हात ठेवली तरी रेक्झिनसारखी चटका देत नाही, आणि महिन्याभरात रंगही गुळासारखा झाला. शाळेत मी सायकल स्टँडवर न लावता मागच्या कडुलिंबाला टेकवते आणि सावली सरकली की शिपाईकाका ती दोन हात सरकवतात.

जूनमध्ये मृग लागला. चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि मला आठवलं, कातड्याला ऊन चालत नाही तसं पाणीही. पळत कडुलिंबाखाली गेले. थेंब पडायला लागले होते. पर्समध्ये शोधलं, दप्तरात शोधलं. राज्यात कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे आणि मी त्यावर शाळेत भाषणं दिलेली आहेत, तेव्हा माझ्याकडं असणार कुठून? शेवटी ती सातवीतली पोरगीच छत्री सांभाळत आली आणि तिच्या दप्तरातून एक निळी पिशवी काढून दिली. साडी सेंटरची, जाडजूड, बंदी असलेली. सीटच्या नाकाखाली तिची गाठ कशी मारायची हेही तिनंच दाखवलं.