फनरमधले दोन 'एन'

सहामाहीच्या नववीच्या इंग्रजी पेपरांच्या गठ्ठ्यात कोणत्या चुका निघणार, हे मला गठ्ठा सोडण्याआधीच ठाऊक असतं. 'दॅन'चं 'देन' निम्मे जण करतात. 'मोर स्वीटर' तर हमखास. मराठीत 'पेक्षा' आणि 'जास्त' आले की काम झालं, विशेषण जागचं हलत नाही. मग मुलं इंग्रजीतही 'मोर' लावतात, आणि शिकवलेला 'अर' वाया जाऊ नये म्हणून तोही चिकटवतात. अशा चुकांवर लाल पेन आपोआप फिरतं, डोकं चालवावं लागत नाही.

त्याच वेगात मी एका मुलीचं 'स्कूबा इज फनर दॅन स्विमिंग' गोल केलं, वर 'मोर फन' लिहिलं आणि मार्क कापला.

आमची शाळा मालवण तालुक्यात. तिचे बाबा पर्यटकांची बोट चालवतात. रविवारी ती जेटीवर लाइफ जॅकेटं वाटते. पेपर दिले तशी ती टेबलापाशी आली. रडायला नाही, भांडायला.

"सर, तुमीच सांगलात ना, लहान शब्दाक 'अर' लावूचो. मगे फनर कसो चुकलो?"

मी गप्प. फळ्यावर तसंच लिहिलं होतं मी. वर तिने 'एन'ही दोन घातले होते, 'बिगर', 'हॉटर', 'थिनर'सारखे. हा दुप्पट अक्षराचा नियम वर्गातल्या चार जणांनाही जमत नाही! नियम बिनचूक लावून चुकलेली ही पहिलीच पोर.

मग मी खरं कारण सांगितलं: 'फन' मुळात नाम, आपल्या 'मजा'सारखं. 'मोर वॉटर' तसं 'मोर फन'. नामाला कुठला आलाय 'अर'? तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. गॅदरिंगचा बॅनर: 'इट विल बी सो फन!' नाम असतं तर 'सो मच फन' हवं होतं. बॅनरचा मजकूर माझाच. "आणि बोटीर येतत ती पुण्याची पोरां फनरच बोलतत," असं वर ऐकवून ती जागेवर गेली.

स्टाफरूममध्ये विषय काढला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "गाइडात नाही ना? मग चूक." पंचवीस वर्षं हे गृहस्थ गाइडात नसलेलं एक वाक्य बोललेले नाहीत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं. रात्री मेरियम-वेबस्टर ही इंग्रजी डिक्शनरी उघडली. 'फन' हे विशेषण, आणि पुढे 'कधीकधी फनर, फनेस्ट'. तो 'कधीकधी' मला झोपू देईना. ॲपलने तर २००८ सालीच नव्या आयपॉडला जाहिरातीत 'फनेस्ट' म्हटलं होतं. ही पोर तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि मग आठवलं, 'टॉलर दॅन मी'लाही मी वर्षानुवर्षं मार्क कापत आलोय. 'दॅन आय' हवं म्हणून. घरी, फोनवर, पर्यटकांशी मी स्वतः 'दॅन मी'च म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अर्धा मार्क परत दिला. हे काही शौर्य नव्हे, तडजोड आहे. बोर्डाच्या पेपरात समोर मी नसणार, तिथे 'मोर फन'च लिही, असंही बजावलं. बोटीवर फनर, पेपरात मोर फन. तिला ते लगेच पटलं. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी हे ती बालवाडीपासून करतेच आहे. न पटल्यासारखं झालं ते मलाच.

जाता जाता वळून म्हणाली, "सर, मगे 'राँग'चा काय? राँगर?"

'मोर राँग', मी म्हणालो. का, ते आजतागायत सांगता आलेलं नाही.