गुबगुबीत गाय आणि सातव्या दिवसाचा भ्रूण

भ्रूण प्रत्यारोपणासाठी, म्हणजे एका गाईचे भ्रूण काढून दुसरीच्या गर्भाशयात ठेवण्यासाठी, दाता गाय निवडायची म्हटलं की मालक हमखास गोठ्यातली सगळ्यात गुबगुबीत गाय पुढे करतात. शेपटीच्या बुडाशी चरबीचे गोळे, बरगड्या दाबूनही हाताला लागत नाहीत, माज अगदी वेळेवर. अशी गाय दिसली की मी मनातल्या मनात अपेक्षा खाली आणतो.

रेतनानंतर सातव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हा घट्ट गोळा झालेल्या पेशी किंवा आत पोकळी धरू लागलेला ब्लास्टोसिस्ट दिसायला हवा. या गाईंच्या बशीत मात्र पुष्कळदा न फळलेली बीजांडं आणि आठ पेशींवरच अडकलेले जीव निघतात. लगेच विचारणा होते, ‘रेत खराब होतं का हो?’ कधी असतंही. पण दर वेळी बिचाऱ्या वळूच्या माथी का मारायचं?

गाईचा भ्रूण 8 ते 16 पेशींचा होईपर्यंत जवळजवळ आईने बीजांडात भरून दिलेल्या शिदोरीवरच चालतो. त्याची स्वतःची जनुकं खऱ्या अर्थाने त्यानंतर कामाला लागतात. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रियाही सगळे आईकडचेच. म्हणजे शिदोरी बांधतानाच गडबड झाली असेल, तर ती उघडी पडते फलनानंतर.

गडबड होते ती मुख्यतः विण्याच्या आसपास. शरीरस्थितीच्या 1 (हाडकुळी) ते 5 (अतिलठ्ठ) च्या मोजपट्टीवर दुधाळ गाय विताना साधारण 3.25 ते 3.5 असावी. 4 च्या पुढची गाय व्याल्यावर चारा कमी खाते आणि अंगावरची चरबी भराभर वितळवते. रक्तातली मुक्त मेदाम्लं वाढतात, यकृतात साठतात आणि बीजांडाभोवतीच्या द्रवातही उतरतात. प्रयोगशाळेत पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल जास्त असलेल्या द्रावणात बीजांडं पिकवली, तर ब्लास्टोसिस्ट कमी तयार होतात. ओलेइक आम्ल सोबत असेल तर नुकसान काहीसं आवरतं. त्यात बीजांडाची वाढ काही महिने चालते. विल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुटणारं बीजांड नेमकं त्या ओढाताणीच्या दिवसांत वाढत होतं, अशी मांडणी पशुप्रजननाचे अमेरिकी संशोधक जॅक ब्रिट यांनी 1990 च्या दशकात केली. मला ती पटते.

मेंढ्यांचं गणित थोडं वेगळं. रेतनानंतर लगेच खुराक फार वाढवला, तर यकृताकडे रक्त जास्त जातं, गर्भ टिकवणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन तिथे लवकर निकामी होतं आणि भ्रूण टिकण्याचं प्रमाण घटतं. इथे प्रश्न त्या दिवसांच्या खाण्याचा आहे, साठलेल्या चरबीचा नाही. दोन्हींची सरमिसळ फार होते.

सगळ्यात फसवा प्रकार अशक्त भ्रूणाचा. 16-17 व्या दिवसापर्यंत त्याने इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रथिन पुरेसं सोडून ‘मी आहे’ हे आईला कळवायचं असतं. ते जमलं नाही की बीजांडकोशातला प्रोजेस्टेरॉन बनवणारा पीतपिंड विरघळतो आणि गाय 21 दिवसांच्या आसपास पुन्हा माजावर येते. वहीत नोंद होते, ‘उलटली’, म्हणजे गाभ राहिलीच नाही. भ्रूण तयार झाला होता, हे कुणाच्या गावीही नसतं.

हे ऐकून काहीजण विण्याच्या तोंडावर गाईचा खुराक तोडतात. ते तर आगीत तेल. उपाशी गाय चरबी आणखीच वितळवते. अंग आवरायचं ते दूध चालू असताना, वेताच्या उत्तरार्धात, हळूहळू. दाता गाय असेल तर त्यासाठी मी सरळ काही महिने मागून घेतो. मालकाचं तोंड वाकडं होतं, ते चालतं.