वुडवर्डच्या कडेला, बॉनेटं उघडी असताना

ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ, म्हणजे मिरवणूक, असते. १९९५ साली फर्नडेलमधल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली. माझी आतेबहीण जवळच ट्रॉयला राहते. तिने मला गुरुवारीच नेलं. "दादा, शनिवारी नुसती गर्दी असते. तुला लोकांशी बोलायचंय ना? मग आजच चल." डिकीत दोन घडीच्या खुर्च्या, थर्मासभर चहा आणि बाकरवडीचा पुडा. वुडवर्डवरच्याच रॉयल ओक गावात गवतावर खुर्च्या मांडल्या तेव्हा चार वाजले होते.

मी भोसरीत वीस वर्षं स्प्रिंगा आणि शॉकअपच्या धंद्यात काढली. गाडी दिसली की माझी नजर आधी खाली जाते, चाकाच्या आत. इथे मला एकच गोष्ट पाहायची होती. कारखान्याने 'स्पोर्ट' म्हणून बिल्ला लावून विकलेल्या साध्या घरगुती गाड्यांमध्ये त्या बिल्ल्याखाली नेमकं काय असायचं?

सुरुवात १९६१ च्या शेव्हरोले इम्पालाची. 'सुपर स्पोर्ट', म्हणजे एसएस, हे पॅकेज त्या वर्षी पहिल्यांदा आलं. किंमत जेमतेम ५४ डॉलर, इंजिनाचे पैसे वेगळे. त्यात जाड स्प्रिंगा, दणकट शॉकअप, ब्रेकला धातूचं मिश्रण भाजून केलेलं अस्तर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला, इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर. शेजारच्या माणसाला धरायला डॅशबोर्डवर आडवी दांडी. सोबत मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, घ्यावंच लागे. अशा गाड्या साडेचारशेच्या आसपासच निघाल्या. बिल्ला लावण्याआधी खालचं काम झालेलं होतं, म्हणून मला ही यादी फार आवडते.

आमच्या समोर मात्र थांबली ती १९६२ ची इम्पाला एसएस. दारांवरच्या पट्टीत गोल गोल घासून चमकवलेलं ॲल्युमिनियम, उन्हात माशाच्या खवल्यांसारखं. मालकाने बॉनेट उघडलं. आत सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन! एका वर्षातच कंपनीने ते पॅकेज कुठल्याही इंजिनावर द्यायला सुरुवात केली होती. बिल्ला आणि काम यांची फारकत मी मंदीच्या सत्तरच्या दशकातली समजत होतो. ती इतकी आधी झाली होती, हे त्या बॉनेटपाशी उभं राहिल्यावर कळलं.

मग आली १९६४ ची पाँटिॲक जीटीओ, आणि आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. तिची गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडेल. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा, म्हणजे पाँटिॲकच्या मूळ कंपनीचा, नियम होता. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पाँटिॲकच्या इंजिनिअरांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचांचं व्ही-८ बसवून पाहिलं. ते चपखल बसलं. नवं मॉडेल म्हटलं असतं तर वरची मंजुरी लागली असती, म्हणून त्यांनी त्याला लेमान्सवरचं, म्हणजे टेम्पेस्टच्याच वरच्या दर्जाच्या गाडीवरचं, तीनशे डॉलरांच्या आतलं पॅकेज म्हटलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या गेल्या. आम्ही बसलो होतो त्या रॉयल ओकमध्येच रॉयल पाँटिॲक ही डीलरशिप होती. तिथे जीटीओ आणखी तेज करून देत. पाँटिॲकच्या जाहिराती करणाऱ्या जिम वँगर्स यांनी या गाडीची हवा केली ती तिथूनच.

पुढचे दिवस कठीण आले. तरुणांच्या दणकट गाड्यांवर विम्याचे हप्ते भडकले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर मर्यादा घातल्या, १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. इंजिनं मवाळ झाली. पॅकेजं मात्र थांबली नाहीत.

साडेसातच्या सुमारास आमच्या शेजारी फोर्डची एक पांढरी मस्टँग टू येऊन लागली. १९७६ ची, कोब्रा टू हे पॅकेज घेतलेली. बॉनेटवरून छपरावर आणि छपरावरून मागे गेलेले निळे पट्टे, मागे स्पॉयलर, खिडक्यांवर झडपा. बॉनेटवरचा हवेचा उंचवटा बंद, त्यातून हवा कुठेच जात नाही. इंजिन चार सिलिंडरचं. त्या वर्षी व्ही-८ घेतलं तरी ताकद दीडशे हॉर्सपॉवरच्या आतच होती. गंमत म्हणजे ते पट्टे-पंख सुरुवातीला फोर्डच्या कारखान्यात लागतच नसत. डिअरबॉर्नला बनलेल्या गाड्या जवळच्या मोटरटाउन कंपनीत जात आणि तिथे सजून निघत. ती कंपनी वँगर्स यांचीच! जीटीओ लोकांच्या मनात बसवणारा माणूस बारा वर्षांनी पट्टे लावत होता. माझ्या मते त्या काळात ते काम हलकं नव्हतं.

गाडीचे मालक सत्तरीच्या पुढचे, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मी विचारलं, चारच सिलिंडर का? म्हणाले, तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो. व्ही-८ चा विमा परवडत नव्हता, ही परवडली. पट्टे दोन्हींना सारखेच होते.

बहीण त्यांना बाकरवडी देत होती तेवढ्यात ते एकदम वाकले. पट्टे त्यांनी याच उन्हाळ्यात नवे लावले होते, साबणाच्या पाण्याने पत्रा ओला करून. बॉनेटच्या कडेला, पट्टा वळतो तिथे, मुगाएवढा फुगा आला होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून टाचणी काढली, फुग्याच्या कडेला टोचली आणि मला म्हणाले, दाब. आतून बाहेर.

मी अंगठा टेकवला. पत्रा अजून उन्हाचा गरम होता. फुगा बसला, आणि टाचणीचं भोक कुठे होतं ते आम्हा दोघांनाही सापडेना.