४०० किलोमीटरसाठी २८ तास कशाला?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर असताना शुभांशू शुक्लांना तेथे पोहोचायला २८ तास का लागले, हे तुम्ही विचारलेत, आणि हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार भर दुपारी अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेचे उड्डाण झाले आणि शुक्ला, पेगी व्हिटसन, पोलंडचे उझनान्स्की-विश्निएव्स्की व हंगेरीचे तिबोर कापू यांना घेऊन निघालेले ड्रॅगन यान दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास स्थानकाला जोडले गेले. यातला वर चढण्याचा भाग दहाएक मिनिटांतच आटोपला होता. बाकीचा वेळ पाठलागाचा.

स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने दीड तासाला एक प्रदक्षिणा घालते. पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रक्षेपणस्थळ स्थानकाच्या कक्षेच्या प्रतलात, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट पातळीत आहे तिच्यात, येते, त्याच क्षणी उड्डाण करावे लागते. परंतु त्या क्षणी स्थानक स्वतः पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही असू शकते. हे अंतर तोडण्यासाठी यान मुद्दाम खालच्या कक्षेत ठेवतात, कारण ती कक्षा लहान असते आणि तिच्यातला वेगही अधिक असतो, त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत यान स्थानकाच्या थोडे जवळ सरकते. थेट लक्ष्याकडे जोर लावून भागत नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ या अमेरिकी यानाच्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याकडे रोख धरून यान हाकण्याचा प्रयत्न केला, पण टप्पा जवळ येण्याऐवजी दूरच जात राहिला आणि इंधन संपू लागल्याने त्यांना तो नाद सोडावा लागला.

राकेश शर्मांचे यानही १९८४ मध्ये दुसऱ्या दिवशीच सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकाला जोडले गेले होते, तेव्हा ४१ वर्षांत काय प्रगती झाली, असे कोणी खोचकपणे विचारते. ऑक्टोबर २०२० मध्ये एक रशियन सोयुझ यान तीन तासांत आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचले, एवढे उत्तर त्यांना पुरावे. मात्र त्यासाठी उड्डाणाच्या क्षणी स्थानक नेमक्या जागी असावे लागते आणि त्याची कक्षाही आधीपासून जुळवून आणावी लागते. तसा योग दर वेळी साधतोच असे नाही, आणि तो साधण्यासाठी उड्डाण लांबवण्यापेक्षा एक दिवस कक्षेत काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेवढ्यात यानाची तपासणी होते आणि अंतराळवीरांना झोपही मिळते.