डरहॅमच्या कोळसा खाणींत सासूबाईंच्या पूर्वजांचा शोध

माझ्या सासूबाईंचे माहेर इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम काउंटीतल्या ईझिंग्टन कॉलिअरी या समुद्रकाठच्या खाणवस्तीत आहे. त्यांचे वडील आणि आजोबा कोळशाच्या खाणीत होते एवढेच घरात माहीत होते. त्याआधीची माणसे कुठून आली हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या पणजोबांची स्वाक्षरीही आहे. मुलांना आईकडचे इतके मागचे ठाऊक असावे आणि आजीकडचे काहीच नसावे, हे मला बरे वाटेना. म्हणून गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन आम्ही सगळे डरहॅमला गेलो. मराठी घरांतून असे नातेसंबंध आता पुष्कळ आहेत, तेव्हा या वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

अशा प्रवासाचे निम्म्याहून अधिक काम घरीच करावे लागते. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. या नोंदींची सूची जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. तिथल्या जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनाव अगदी सुरुवातीपासून दिलेले आहे, आणि एकाच आडनावाची शेकडो कुटुंबे असलेल्या खाणपट्ट्यात आपले घर ओळखण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पालकांची नावे आणि पत्ता मात्र दाखला मागवल्यावरच कळतो. त्यानंतर खानेसुमारी पाहावी. १८४१ पासून १९२१ पर्यंत दर दहा वर्षांची पाने उपलब्ध आहेत, परंतु १९३१ ची कागदपत्रे आगीत जळाली आणि १९४१ ला युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही, त्यामुळे त्या काळासाठी १९३९ मध्ये केलेल्या रहिवाशांच्या राष्ट्रीय नोंदवहीवर भिस्त ठेवावी लागते. १९२१ च्या खानेसुमारीच्या अर्जावर माणूस कोणाकडे आणि कुठे कामाला होता हेही लिहिलेले असल्याने खाणीचे नाव थेट हाती लागते. त्यासाठी शुल्क भरावे लागले तरी ते जरूर भरावे.

आम्हाला सर्वाधिक दिले ते १९११ च्या अर्जाने. इंग्लंडच्या खानेसुमारीत कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला अर्ज जपून ठेवला गेला तो त्या वर्षापासून. सासूबाईंच्या आजोबांचे अक्षर त्यांनी त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्या अर्जात प्रत्येक विवाहितेला किती मुले झाली, किती हयात आहेत आणि किती दगावली असे तीन रकाने आहेत. आजीच्या नावापुढे सहा, चार, दोन असे आकडे होते. त्या दोन मुलांविषयी घरात कोणी कधी अवाक्षर काढले नव्हते. खाणीच्या दप्तरांत बायकांचे नाव येत नाही. नवरा आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असत, त्यामुळे कोणाचे आंघोळीचे पाणी तापवणे तर कोणाचा डबा भरणे हे दिवसरात्र चालू राही. १९१० मध्ये डरहॅममध्ये तीन पाळ्यांची पद्धत आली तेव्हा त्याविरुद्ध खाणकामगारांनी संप केले, आणि त्या पद्धतीचा मोठा भार घरातल्या बाईवरच पडला. तिच्या आयुष्याची एवढी एकच नोंद मिळणार असेल, तर हे तीन रकाने सर्वांत आधी वाचावेत असे मी आग्रहाने सांगेन.

आता गावांच्या नावांविषयी. दाखल्यावर ‘ईझिंग्टन’ असे दिसले की माणूस ईझिंग्टनचाच होता असे समजू नये. ईझिंग्टन हा नोंदणीचा जिल्हा होता आणि त्यात थॉर्नली, व्हीटली हिल, हॅझवेल, सीहॅम अशा कितीतरी खाणवस्त्या येत. शिवाय ईझिंग्टन व्हिलेज हे टेकडीवरचे जुने गाव वेगळे आणि समुद्राकडची ईझिंग्टन कॉलिअरी ही वस्ती वेगळी. या कॉलिअरीसाठी, म्हणजे कोळशाच्या खाणीसाठी, खाली उतरण्याची विहीर खणायला १८९९ मध्ये सुरुवात झाली, पण पाण्याने इतका त्रास दिला की कोळसा वर यायला १९१० उजाडले. याचा अर्थ १९११ मध्ये तिथे राहणारे जवळजवळ प्रत्येक कुटुंब दुसऱ्या कुठल्या तरी खाणीवरून आलेले होते. आमच्या अर्जातही थोरला मुलगा थॉर्नलीत, मधली दोघे व्हीटली हिलमध्ये आणि धाकटी ईझिंग्टन कॉलिअरीतच जन्मलेली होती. मुलांची जन्मगावे क्रमाने मांडली की कुटुंबाचा रस्ता आपोआप दिसू लागतो.

त्याही मागे गेल्यावर हे स्थलांतर आणखी वाढते, आणि त्याचे कारण समजून घेतले नाही तर शोध हमखास खुंटतो. डरहॅममध्ये १८७२ पर्यंत खाणमालक कामगारांना एका वर्षाच्या कराराने बांधून घेत असत. वर्ष सरले की नवा करार होई, आणि पटले नाही किंवा दुसरीकडे चांगला दर मिळाला तर कुटुंब बिऱ्हाड उचलून पुढच्या खाणीवर जाई; राहते घर खाणीचेच असल्याने काम सुटले की छप्परही सुटे. १८६१ च्या खानेसुमारीत आमच्या घरातल्या पाच भावंडांची जन्मगावे चार होती. अशा कुटुंबाचा ‘मूळ गाव’ शोधत बसण्यात अर्थ नाही. कोणती खाण कधी उघडली आणि कधी बंद पडली ते पाहून माणसांचा माग काढावा.

कामाच्या नावांवरूनही नेमका माणूस ओळखता येतो. लहान मुलगा ट्रॅपर म्हणून हवा खेळती ठेवणारी दारे उघडझाप करी, मग तट्टू हाकी, पुढे पटर होऊन कोळशाचे डबे ढकली आणि विशीत ह्यूअर, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा तोडणारा होई. एकाच नावाचे दोन पुरुष सापडले तर वय आणि हुद्दा जुळतो का ते पाहावे. (१८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलांना आणि सर्व स्त्रियांना जमिनीखाली उतरवण्यास बंदी झाली.)

लंडनहून डरहॅमला रेल्वेने सुमारे तीन तास लागतात. काउंटीचे अभिलेखागार २०२४ पासून शहराच्या दक्षिणेला माउंट ओसवाल्ड येथे ‘द स्टोरी’ या नव्या इमारतीत आहे. वाचनकक्षातली जागा आणि हवी ती कागदपत्रे आधी कळवून राखून ठेवावीत. पॅरिशच्या, म्हणजे अधिकृत चर्चच्या, नोंदवह्यांबरोबर मेथडिस्ट प्रार्थनागृहांच्या नोंदीही मागून घ्याव्यात. खाणकामगारांत प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचे पुष्कळ लोक होते आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे चर्चच्या वहीत बरेचदा मिळत नाहीत. आम्हाला एक संपूर्ण पिढी अशा वहीतच सापडली. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे डरहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, पण खाणकामगाराने मृत्युपत्र केल्याचे क्वचितच आढळते.

तिथून आम्ही थॉर्नली आणि व्हीटली हिल पाहिले. व्हीटली हिलच्या दफनभूमीत पीटर ली यांची समाधी आहे. वयाच्या दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला हा माणूस १९१९ मध्ये डरहॅम काउंटी कौन्सिलचा अध्यक्ष झाला, आणि जवळचे पीटरली हे शहर त्यांच्याच नावाने वसले. आमच्या पूर्वजांच्या थडग्यावर मात्र शिळा नव्हती. खाणकामगारांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे, म्हणून जाण्यापूर्वी दफनभूमीच्या व्यवस्थापनाकडून नोंदवहीतला जागेचा क्रमांक मिळवावा; नाहीतर नुसते गवत तुडवत फिरावे लागते. ज्या चाळीत ते कुटुंब राहत होते तीही आता नाही. १९५१ च्या विकास आराखड्यात काउंटीने ११४ खाणवस्त्या ‘ड’ वर्गात घातल्या, म्हणजे तिथे नवा खर्च न करता त्या ओसरू द्यायच्या असे ठरवले. इतरत्रही जुन्या रांगा पाडल्या गेल्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण-नकाशे आजच्या नकाशावर ठेवून मोफत पाहता येतात. फोनवर तो नकाशा उघडून चाललो तेव्हा एका मोकळ्या हिरवळीवर कोणत्या रांगेतले कितवे घर कुठे होते, ते सासूबाईंना पावलाने दाखवता आले.

ईझिंग्टन कॉलिअरीत एक पूर्ण दिवस द्यावा. २९ मे १९५१ च्या पहाटे, दोन पाळ्यांची माणसे एकाच वेळी खाली असताना, कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या दात्यांची ठिणगी उडून खाणवायूचा स्फोट झाला. त्यात ८१ कामगार गेले आणि बचावासाठी उतरलेले दोघेही दगावले. सासूबाईंचे वडील त्या दिवशी या दोन्हींहून वेगळ्या पाळीला होते. दफनभूमीतल्या स्मृतिउद्यानात त्या नावांपुढे उभ्या राहून त्या शेजाऱ्यांची घरे सांगत होत्या. खाण १९९३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आता कुरण आहे आणि माणसे खाली नेणारा पाळणा टेकडीवर उभा केलेला आहे. इथे येण्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेले हॉर्डन स्थानक सोयीचे आहे. आतल्या वस्त्यांना मात्र बसनेच जावे लागते आणि रविवारी बस फार कमी असतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर गाडी भाड्याने घेणेच योग्य. समुद्राचा वारा उन्हाळ्यातही बोचतो.

मोठ्या दुर्घटनांची स्मारके आहेत, पण बहुतेक कामगार एकेकटे मेले, छताचा दगड कोसळून किंवा डब्यांखाली सापडून. आजोबांचा धाकटा भाऊ सतराव्या वर्षी एका खाणीत असाच गेला. डरहॅम मायनिंग म्युझियमच्या संकेतस्थळावर अशा मृत्यूंची खाणवार यादी आहे. त्यातून तारीख मिळाली, आणि तारखेवरून जुन्या वर्तमानपत्रात चौकशीचा वृत्तांत मिळाला. आई साक्षीला आली होती, एवढे एक वाक्य त्यात आहे.

डरहॅम कॅथीड्रलमध्ये १९४७ चे खाणकामगारांचे स्मारक आहे, तिथे अवश्य जावे. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी खाणकामगारांचा वार्षिक मेळावा भरतो. १८७१ पासूनची ही परंपरा आहे आणि प्रत्येक खाणीचा रेशमी ध्वज बँडबाजासह शहरातून नेला जातो. तो पाहायचा असेल तर निवासाची सोय कितीतरी आधी करावी, आणि अभिलेखागाराचे काम त्या दिवसांत ठेवू नये. बीमिशच्या खुल्या संग्रहालयात खाणकामगारांची घरे आतून पाहता येतात. मुलांना चाळीतले जगणे तिथे समजले. परत आल्यावर आम्ही तयार केलेल्या वंशावळीची एक प्रत व्हीटली हिलच्या स्थानिक इतिहासमंडळाला पाठवली, कारण आमच्याआधी कोणीतरी अशाच पाठवलेल्या कागदांमधून आम्हाला थॉर्नलीचा धागा मिळाला होता.