काजूची बी उघडी की झाकलेली?

कोकणात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला मार्चमध्ये नमुन्यांची ददात नसते. काजूच्या एकाच तुऱ्यावर कळ्या, फुलं, हिरव्या बिया आणि पिकलेले बोंडू एकदम सापडतात. माझ्या आठवणीतला सगळ्यात चांगला तास अशा एका तुऱ्यामुळे झाला.

दुसऱ्या वर्षाचं सायकसचं, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या पण फुलं न येणाऱ्या झाडाचं, प्रात्यक्षिक होतं. टेबलावर मादी झाडाची बीजाणुपर्णं, म्हणजे बिया धरणारी पानं, होती. लवदार, तपकिरी, आणि त्यांच्या कडांना लागलेल्या नारिंगी बिया. सायकससारख्या अनावृतबीजींमध्ये, म्हणजे उघड्या बीच्या झाडांमध्ये, अंडाशय (ज्याचं पुढे फळ होतं तो फुलाचा भाग) नसतो, म्हणून फळ नाही आणि बी उघडी, एवढं माझं सांगून झालं. तेवढ्यात काजूची बाग असलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग काजूपण यातलाच ना? त्याची बी तर बोंडूच्या बाहेर लोंबते."

वर्ग हसला. मला तो प्रश्न फार आवडला, कारण तो पाठ केलेल्या व्याख्येतून आला नव्हता, झाडाकडे बघून आला होता. मी प्रयोगशाळेतल्या मामांना इमारतीमागच्या काजूचा तुरा आणायला सांगितलं.

आधी फूल घेतलं. पाकळ्या सोडवल्यावर भिंगाखाली इवलासा अंडाशय दिसला, त्यावर काडीसारखा कुक्षीवृंत. अंडाशय चिरला तर आत एकच बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते ते. मग नुकतीच धरलेली फळं ओळीने मांडली. अंडाशय फुगून वाकडा होत गेलेला, आणि त्याचा देठ अजून काडीसारखाच बारीक. पुढच्या फळांत बी पूर्ण वाढलेली, देठ आत्ता कुठे फुगायला लागलेला. शेवटी बोंडू.

हिरवी बी कापायची वेळ आली तशी त्या मुलाने सूत्रं हातात घेतली. "मॅडम, आधी हाताला तेल लावा. चीक लागला तर सालपटं निघतात." ओल्या काजूगरांसाठी घरी विळीवर तो हेच काम करतो. सराईतपणे त्याने बी उभी चिरली. बाहेर चिकाने भरलेलं जाड कवच, ती फलभित्ती. आत पातळ पापुद्रा, ते बीजकवच. त्याच्या आत गराच्या दोन पाकळ्या, ती बीजपत्रं. म्हणजे बोंडूखाली लोंबतं ते अख्खं फळच असतं, आणि आपण चोखून खातो तो त्याचा फुगलेला देठ.

त्याचं समाधान एवढ्यावर होईना. त्याने सायकसची बी उचलली. "हिलाही बाहेरून गर आहेच की. मग हे फळ का नाही?"

पिकलेल्या बीकडे कितीही वेळ बघितलं तरी याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी परागणाच्या वेळेपर्यंत मागे जावं लागतं. सायकसच्या कोवळ्या बीजांडाच्या टोकाला एक छिद्र असतं आणि तिथे चिकट द्रवाचा थेंब येतो. परागकण थेट त्या थेंबात पडतो आणि आत ओढला जातो. पुढे दिसणारा गर हा बीजकवचाचाच बाहेरचा थर. काजूचा परागकण मात्र बीजांडाला कधी शिवतच नाही. तो कुक्षीवर, म्हणजे कुक्षीवृंताच्या टोकावर उतरतो, आणि तिथून परागनलिका वाट काढत अंडाशयात जाते. शंकुधारी झाडांची आणि सायकसच्या कुळातली बीजांडं अशी उघडी असतात हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२०च्या दशकात दाखवलं, तेही परागणापूर्वीची बीजांडं तपासून. आमच्याकडे उघड्या आणि झाकलेल्या बीजांडांच्या झाडांचे हे दोन गट वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात, त्यामुळे मुलांना ते शेजारी ठेवून बघायलाच मिळत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढच्या तासाला मी सुक्यामेव्याच्या दुकानातून चिलगोजे नेले. ही हिमालयातल्या एका पाइनची बी. परागणानंतर शंकूचे खवले मिटतात आणि ती बराच काळ आत दडून राहते, तरी ती अनावृतच, कारण परागकण आला तेव्हा बीजांड उघडं होतं. मुलांनी चिलगोजा आणि काजूगर दोन्ही उभे कापले. काजूगर जवळजवळ सगळाच अंकुर, दोन जाड बीजपत्रांचा. चिलगोज्यात अंकुर मधोमध, काडीएवढा, आणि भोवतीचा सगळा गर आईकडचा, फलनाच्या आधीच तयार होऊ लागलेला. तो गर खाता खाता मुलांनी पुढचा प्रश्न विचारला: फलन झालंच नाही तर या शिदोरीचं काय होतं?