तुम्ही विचारलंत म्हणून: रिमोट कुणाच्या हातात?

"पोरांना मोकळं खेळू देता, की रिमोट तुमच्याच हातात?" बीजीएमआयच्या, म्हणजे मोबाइलवरच्या 'शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल' अशा गोळीबाराच्या खेळाच्या, टीमचा कोच आहे म्हटलं की तिसरा प्रश्न हाच. (पहिले दोन पगाराचे आणि डोळ्यांच्या नंबरचे.)

अहो, मॅच सुरू झाली की माझ्या हातात काहीच नसतं. चौघांच्या हेडफोनमध्ये मी नसतो. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या गोळीबाराच्या खेळात कोच मागे उभे राहून सहाव्या खेळाडूसारखे कॉल द्यायचे, तर तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१६ मध्ये मोठ्या स्पर्धांत त्यांचं बोलणं टाइमआउटसारख्या थांब्यांपुरतं आणलं. म्हणजे शिस्त लावायची ती आधीच. उतरायचं कुठे, गाड्या किती, आणि कॉल फक्त आयजीएलचा, म्हणजे खेळता खेळता निर्णय घेणाऱ्या कॅप्टनचा. १६ टीम, ६४ जण; त्यात आमच्याच चौघांनी चार दिशा दाखवल्या तर संपलंच. यात मला आजही चूक दिसत नाही.

तरी एरांगेल या नकाशावरची ती मॅच डोक्यातून जात नाही. शेवटचा दिवस, शेवटची मॅच, पुढच्या फेरीला पाच-सहा गुण पुरले असते. पहिल्या झोनमध्ये (झोन म्हणजे टप्प्याटप्प्याने लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ) मिलिटरी बेसचं बेट होतं. माझा नियम: दुसरा झोन दिसल्याशिवाय पूल ओलांडायचा नाही. पूल दोनच, घाईने बेटावर जायचं आणि झोन उत्तरेला सरकला की परतताना मार खायचा, हे सरावात कितीदा भोगलं होतं. या वेळी झोन बेटावरच बसला. तोवर दोन्ही पुलांवर टीम येऊन बसल्या होत्या. गाडी पेटली. चौदावे आलो, गुण शून्य.

रात्री मी झापलं, "आधी का नाही निघालात?" कुणी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकलं. सगळ्यात धाकटा, झोन पडायच्या आधीच: "पूल मोकळाय, जाऊया का?" दोन सेकंद शांतता. मग आयजीएल: "दादा नाही म्हणालाय ना." त्यानंतर धाकटा अख्ख्या मॅचमध्ये बोलला नाही. पुलावर नॉक झाला, गोळ्या खाऊन आडवा पडला, तेव्हासुद्धा नाही.

नियमाखाली मी 'परिस्थिती बघून' असं लिहिलं होतं, हेही सांगतो. लिहिलं होतं खरं. पण सरावात कुणी परिस्थिती बघितली की त्याला बाहेर बसवत कोण होतं?

पुढच्या स्पर्धेत सगळं सोडून दिलं. ज्याला जे दिसेल ते त्याने बोलावं. चौघे एकदम बोलायचे. दोनदा उतरल्या जागीच खलास झालो. तेव्हा तुम्हीच विचारलंत, कोच करतो तरी काय?

सध्या नियम आहे, पण तो मोडायचा तर कारण एका वाक्यात सांगायचं. आयजीएलला हे पटत नाही. वाक्य संपेपर्यंत समोरच्याची गाडी निघून जाते म्हणतो. खोटं नाही ते.

धाकटा आता दुसऱ्या टीमकडून खेळतो. तिकडे म्हणे त्याला गप्प करावं लागतं.